रजिस्टरचं शेवटचं पान

भालकी तालुक्यातल्या एका आशाताईंचं रजिस्टर मी चुकून मागच्या बाजूनं उघडलं. पुढची पानं ठरल्याप्रमाणे होती : कुटुंबांची यादी, गरोदर माता, लसीकरण, जन्म, मृत्यू, पट्टी लावून आखलेले रकाने. शेवटच्या पानावर रेघा नव्हत्या. तिथं तीन वेगवेगळ्या शायांनी, काही कन्नड अक्षरांत आणि काही मराठीत, फोन नंबर लिहिलेले होते. सिस्टरचा. १०८ च्या ड्रायव्हरचा. तालुक्याच्या दवाखान्यात रात्रपाळीला असणाऱ्या नर्सचा. गावातल्या जीपवाल्याचा आणि तो गावाला गेलेला असला तर त्याच्या भावाचा. उदगीरच्या सोनोग्राफी सेंटरचा. आणि सगळ्यात खाली, चौकटीत, ‘निलंगा आशा’. हा नंबर कुणाचा म्हणून विचारलं तर त्या म्हणाल्या, “आमच्या गावच्या चार पोरी तिकडं एकाच गावात दिल्यात. तिथली आशा आहे ती. पोरगी बाळंतपणाला आली की मी आधी तिला फोन लावते.”

त्या पानाचे त्यांना पैसे मिळत नव्हते. ते कुणी तपासत नव्हतं, आणि ते लिहून ठेवा असं कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेलं नव्हतं. पण त्यांच्या गावातलं आजारी माणूस वेळेत दवाखान्याला लागत होतं ते त्या पानाच्या जोरावर. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत, राज्याच्या सीमेवर काम करणाऱ्या आशांसाठी ही पुस्तिका करायची ठरली तेव्हापासून ते पान माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पुस्तिकेचा विषय सरकारी भाषेत सांगायचा तर ‘आरोग्यसेवांचा समन्वय’. शब्द बरोबर आहे, पण जड आहे, आणि जड शब्द ऐकला की प्रत्येकाला वाटतं हे काम दुसऱ्या कुणाचं तरी असणार. गावात या कामाला साधी क्रियापदं आहेत. निरोप देणं. सोपवणं. सोबत जाणं. परत आल्यावर विचारपूस करणं. आजारी माणूस एका हातातून दुसऱ्या हातात जात असतो : घरून आशाकडे, आशाकडून सिस्टरकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि बरा होऊन पुन्हा घरी. यातला प्रत्येक हात आपापलं काम बऱ्यापैकी जाणतो. घात होतो तो एका हातानं सोडलं आणि दुसऱ्यानं अजून धरलं नाही, त्या मधल्या वेळात. आजवरची प्रशिक्षणं हातांना शिकवण्यासाठी होती. या पुस्तिकेत आम्ही त्या मधल्या वेळाकडे बघतो आहोत.

हा मधला वेळ सगळीकडेच असतो, मग सीमेवरची गावंच का, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर थोडं इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे पडले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात आणि बीदर, गुलबर्गा (आजचं कलबुर्गी), रायचूर हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. त्या दिवसापर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. कागदावर रेघ ओढली गेली. सोयरिकी होत्या तिथंच राहिल्या. औराद, कमलनगर, भालकी, हुलसूर, बसवकल्याण, आणि कलबुर्गीकडचं आळंद या भागातल्या कितीतरी घरांत एक सून पलीकडची असते आणि एक लेक पलीकडे दिलेली असते. विकाराबादहून निघणारी रेल्वे झहीराबाद, बीदर, भालकी, कमलनगर करत उदगीरला पोचते, म्हणजे एका तिकिटात तीन राज्यं होतात. बाजार, लग्न, गाणगापूरची पौर्णिमा, उसाची तोड, कशालाच सीमा आडवी येत नाही. दवाखान्याच्या कागदाला मात्र येते.

या पट्ट्याचं मागासलेपण नवं नाही आणि लपलेलंही नाही. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीनं २००२ साली कर्नाटकातले ३९ तालुके अतिमागास ठरवले, त्यांतले २१ याच विभागातले निघाले. पुढे या विभागासाठी घटनेत ३७१ (जे) हे कलम आलं, २०१९ मध्ये विभागाचं हैदराबाद-कर्नाटक हे नाव बदलून कल्याण कर्नाटक झालं. आरोग्याचा एकच आकडा द्यायचा तर मातामृत्यूचा देतो. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३, तेलंगणात ४३ आणि कर्नाटकात ६९ माता दगावल्या. ही राज्यांची सरासरी आहे. तीत बेंगळुरू आणि उडुपीही येतात, पुणे आणि मुंबईही येतात. सीमेवरच्या गावाचं दुखणं तिच्यातून थेट दिसत नाही. पण जिथं तीन राज्यं भेटतात तिथल्या बाईनं रस्ता ओलांडला की तिची गणना, तिचं कार्ड, तिची ॲम्ब्युलन्स आणि तिच्याशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्याची भाषा, सगळंच बदलतं, एवढं या आकड्यांकडे बघताना ध्यानात ठेवावं.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. गावांची नावं देत नाही.

मुलगी सीमेपलीकडे लातूर जिल्ह्यात दिलेली. पहिलटकरीण. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं (इकडच्या कन्नड घरांत त्यालाच कुबस म्हणतात) आणि रीतीप्रमाणे आई तिला माहेरी घेऊन आली. आठवडाभरानं माहेरच्या आशाताई सहज डोकावल्या. मुलगी ओट्यावर पाय सोडून बसली होती. ताईंचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. बोटांत जोडवी नव्हती, नुसते त्यांचे वळ होते. जोडवी कुठं गेली विचारलं तर आई म्हणाली, “रुतायलेत म्हणून काढून ठेवले. पहिल्या खेपंला पाय सुजतातच की.” ताईंनी मुलीला विचारलं, डोकं दुखतं का? दोन दिवसांपासून दुखत होतं. कार्ड बघू म्हणाल्या तर कार्ड सासरी, पेटीत राहिलेलं.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी जे होतं ते असं : ‘उद्या सिस्टर येतील तेव्हा दाखवू.’ या ताईंनी मुलीच्या नणंदेकडून तिकडच्या आशाचा नंबर मिळवला आणि तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. “ताई, तुमची सून आमच्याकडं आलीय. पाय सुजलेत, डोकं दुखतंय. तुमच्याकडं काय लिहिलंय बघून सांगा की.” तिकडच्या बाईंनी रजिस्टर काढून वाचून दाखवलं : सातव्या महिन्यात रक्तदाब १४०/९० होता, जोखमीची माता म्हणून खूण केली होती, महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांना दाखवायला बोलावलं होतं. ९ तारीख यायच्या आधीच मुलगी माहेरी निघून आली होती. त्या तिची वाट बघत होत्या. ती दुसऱ्या राज्यात आहे हे त्यांना या फोनवर कळलं.

त्याच दुपारी आरोग्य केंद्रात रक्तदाब १६०/११० भरला. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं पहिलं इंजेक्शन तिथंच दिलं आणि १०८ बोलावली. मुलगी वाचली. बाळ लवकर जन्माला आलं, दोन किलोच्या आत, पण तेही वाचलं.

या गोष्टीचा उत्तरार्ध मी प्रशिक्षणात मुद्दाम सांगतो, कारण पूर्वार्ध ऐकून सगळ्यांना समाधान वाटतं. मोठ्या दवाखान्यातून आई आणि बाळ घरी आलं ते ताईंना सहाव्या दिवशी कळलं, तेही शेजारणीकडून. एवढ्या लहान बाळाला दवाखान्यातून घरी सोडलं की आशानं चोवीस तासांच्या आत भेट द्यावी, असा नियम आहे. पण सोडलं हे तिला सांगणार कोण? जाताना चिठ्ठी होती, येताना नव्हती. बाळाला टोपी घाला, पोटाशी धरा, अंघोळ घालू नका, हे सांगायला ताई पोचल्या तोवर बाळाला दोनदा न्हाऊ घालून झालं होतं.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ साली मातामृत्यूच्या कारणांची मांडणी तीन विलंबांत केली : जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. जगभर ही मांडणी शिकवली जाते आणि ती खरीच आहे. आमच्याकडच्या अनुभवावरून मी तिच्यात एका चौथ्या विलंबाची भर घालीन : कळायला उशीर. जोडव्यांचे वळ एकीनं पाहिले होते, रक्तदाब दुसरीनं लिहून ठेवला होता. दोघींना मिळून जे माहीत होतं ते एकीलाही एकटीला माहीत नव्हतं.

गावातल्या बाईला आरोग्याचं शिक्षण द्यावं ही कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. त्यांच्या आरोग्यसेविका बहुतेक निरक्षर होत्या, अनेकजणी दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, एकत्र जेवत, एकत्र झोपत, थोडं शिकत, गावात जाऊन करून बघत आणि पुढच्या आठवड्यात अडलेलं घेऊन परत येत. १९७८ ला अल्मा आटा इथं जगातल्या देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, तेव्हा जामखेडचं काम आठ वर्षांचं झालं होतं. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं नवजात बाळाची काळजी घरीच घ्यायला गावातल्या बायकांना शिकवलं. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले; तो निबंध १९९९ ला ‘लॅन्सेट’मध्ये आला. बाळाचे श्वास एका मिनिटात ६० किंवा त्याहून जास्त असतील तर धोका, हे आज देशातल्या दहा लाख आशा घड्याळ लावून मोजतात, त्यामागे गडचिरोलीतल्या त्या बायकांचं काम आहे.

१२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा आली. जामखेड आणि गडचिरोलीकडून तिच्या अभ्यासक्रमात बरंच काही आलं. एक गोष्ट मात्र पुरेशी आली नाही, ती म्हणजे परत परत भेटणं. दोन्हीकडे शिकवणारं माणूस पुन्हा भेटत असे, ठरलेल्या दिवशी, वर्षानुवर्षं. शिकवणं आणि पाठीशी उभं राहणं यांत तिथं फरकच नव्हता. सरकारी योजनेत प्रशिक्षणाचे दिवस मोजता येतात : पहिल्या पाच मोड्यूलचे २३, सहाव्या-सातव्याचे चार टप्प्यांत २०. पाठीशी उभं राहण्याचे दिवस कसे मोजायचे हे कुणालाच नीट ठरवता आलं नाही. वीस आशांमागे एक फॅसिलिटेटर असावी अशी व्यवस्था आहे. महाराष्ट्रात तिला गटप्रवर्तक म्हणतात. चांगली गटप्रवर्तक मिळालेली आशा दोन वर्षांत कशी बदलते हे मी पाहिलं आहे. पण तिलाही वीस गावं फिरायची, वीस जणींचे फॉर्म गोळा करायचे. महिन्याची बैठक भरते ती आकडे जमा करायला. ‘किती झालं’ हे विचारून होतं, ‘कुठं अडलं’ हे विचारायच्या आत बसची वेळ होते.

आपल्याच जिल्ह्यांत याहून वेगळं करून बघितलेलं आहे, आणि ते विसरलं जाऊ नये म्हणून इथं लिहितो. २००९ पासून पुढची काही वर्षं उत्तर कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांत ‘सुक्षेम’ नावाचा प्रकल्प चालला. बीदर आणि तेव्हाचं गुलबर्गा त्या आठांत होते. कर्नाटक हेल्थ प्रमोशन ट्रस्ट आणि कॅनडातलं मॅनिटोबा विद्यापीठ सरकारबरोबर काम करत होते, पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. त्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, मार्गदर्शक परिचारिका. या नर्सबाई ठरलेल्या आरोग्य केंद्रांवर जात, तिथल्या नर्सबरोबर लेबर रूममध्ये उभ्या राहून काम करत, केसपेपर बरोबर बसून भरत. तपासणीसाची वही घेऊन त्या येत नसत. ही पद्धत आधी बळ्ळारी आणि गुलबर्ग्यातच पारखून घेतली गेली. दुसरी गोष्ट, ‘आरोग्य मंटप’. उपकेंद्राच्या हद्दीतल्या आशा, सिस्टर आणि अंगणवाडीताई यांनी एकत्र बसायचं, आपापल्या याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि कोण सुटलंय ते बघायचं. मंटप हा शब्द या भागातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. बसवकल्याणात आठशे वर्षांपूर्वी अनुभव मंटपात वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या कामाची माणसं एका बैठकीवर बसून बोलत होती, ही इथल्या प्रत्येक घराला माहीत असलेली गोष्ट आहे.

तीन याद्या शेजारी ठेवल्या की काय दिसतं? अंगणवाडीत नाव आहे आणि आशाकडे नाही अशी बाई दिसते. आशाच्या यादीत ‘स्थलांतर’ असा शेरा आहे आणि सिस्टरला ती गावातच भेटली आहे, असं दिसतं. प्रकल्प संपतो, निधी संपतो, पण याद्या शेजारी ठेवायला निधी लागत नाही. महिन्यातून एक दुपार लागते, आणि ती दुपार कामाची आहे असं वरच्या साहेबांना वाटावं लागतं.

भाषेबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. कर्नाटकात आशांचं प्रशिक्षण कन्नडमध्ये होतं, ते तसंच व्हायला हवं. राज्याची भाषा ती आहे. पण औराद-भालकीकडे अशा कितीतरी आशा आहेत ज्यांचं शिक्षण मराठी शाळेत झालं. कन्नड त्यांना बोलता येतं, वाचताना बोट ठेवून वाचावं लागतं. त्या शिकतात कन्नडमध्ये, लिहितात कन्नडमध्ये, आणि घरोघरी जाऊन बोलतात ते मराठीत, दखनीत, तांड्यावर गेल्या तर लमाणीत. म्हणजे भाषांतराचं सगळं ओझं त्या एकट्या वाहतात. आईच्या आणि बाळाच्या नोंदीच्या कार्डाला इकडे ‘तायी कार्ड’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘तायी’ म्हणजे आई. मराठी कानाला ते ‘ताई कार्ड’ असं ऐकू येतं, आणि मला अशा बायका भेटल्या आहेत ज्यांना वाटत होतं की हे कार्ड आशाताईंचं आहे, आपण ते सांभाळायचं नसून त्यांना परत द्यायचं आहे. एका अक्षरात एवढा घोळ होतो. महाराष्ट्र सरकारनं काढलेली आशांची मराठी पुस्तकं सीमेपलीकडे, तासाभराच्या अंतरावर, प्रत्येक गटप्रवर्तकाकडे आहेत. ती इकडच्या मराठी आशांना अभ्यासाला मिळावीत आणि इकडची कन्नड पुस्तकं अक्कलकोट, देगलूरकडच्या कन्नड बोलणाऱ्या आशांना मिळावीत, ही मागणी मी या प्रस्तावनेतून उघडपणे करतो. हा खर्चाचा प्रश्न नाही.

पैशाबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. आशा स्वयंसेविका आहे असं कागद म्हणतो, म्हणून तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे आणि राज्याचं काही मानधन. जननी सुरक्षा योजनेत आपल्याकडच्या राज्यांत ग्रामीण बाळंतपणामागे तिला ६०० रुपये मिळतात : ३०० गरोदरपणातल्या पाठपुराव्याचे, ३०० दवाखान्यात बाळंतपण घडवून आणल्याचे. आता सासरच्या आशानं सात महिने पाठपुरावा केला आणि बाळंतपण माहेरी झालं, तर दोघींनी अर्धं अर्धं काम केलेलं असतं, आणि मोबदल्याच्या यादीत मुक्कामाला पोचलेल्या कामाचीच ओळ असते. ‘निरोप दिला’ या कामाला ओळ नाही. ‘दुसऱ्या राज्यातल्या आशाला कार्ड वाचून दाखवलं’ या कामाला तर नाहीच. आशा पैशासाठी काम अडवते असा अर्थ कुणी काढू नये. ज्या कामाला ओळ नसते ते काम त्या स्वतःच्या फोनच्या रिचार्जवर करतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२२ मध्ये भारताच्या आशांचा जागतिक पातळीवर गौरव केला. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातल्या हजारो आशा बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये थंडीत दिवसरात्र बसून होत्या. दरमहा किमान १०,००० रुपये देऊ असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं तेव्हा त्या उठल्या, आणि त्या शब्दाच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा बोलावं लागलं. महाराष्ट्रातल्या आशांनाही संपावर जाऊनच मार्च २०२४ मध्ये ५,००० रुपयांची वाढ पदरात पडली. ‘पाठबळ’ हा शब्द या पुस्तिकेत अनेकदा येईल. त्यात वेळेवर हातात पडणारे पैसे पहिले धरावेत, मग बाकीचं.

सीमेवरच्या मधल्या वेळाबद्दल बोलताना मार्च २०२० विसरता येत नाही. भारतातला कोविडचा पहिला मृत्यू कलबुर्गीच्या एका ७६ वर्षांच्या गृहस्थांचा. त्यांचा नमुना घेतला होता, निकाल यायचा होता. घरच्यांनी उपचारासाठी त्यांना हैदराबादला नेलं. परत आणताना १० मार्चला वाटेतच त्यांचा अंत झाला आणि १२ मार्चला अहवाल आला. कुणाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. तेव्हा सगळेच अंधारात चाचपडत होते. पण दोन राज्यं, दोन शहरं आणि मधे रस्त्यावर एक आजारी माणूस, हे चित्र इथल्या लोकांनी फार आधीपासून पाहिलेलं आहे, बाळंतिणींच्या आणि साप चावलेल्यांच्या बाबतीत. पुढे मे महिन्यात मुंबई-पुण्याहून लोक गावोगाव परतू लागले तेव्हा कोण आलं, कुठून आलं, कुणाला ताप आहे, हे सगळ्यात आधी आशांना माहीत होतं. ते त्यांना कोणत्या यंत्रानं सांगितलं नव्हतं. त्यांनी दारात जाऊन विचारलं होतं.

हीच गोष्ट क्षयरोगाची. उपचार सहा महिन्यांचे. दिवाळीनंतर माणूस ऊसतोडीला जातो आणि चार महिने परत येत नाही. रुग्णाची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्याकडे पाठवायची सोय ‘निक्षय’ या सरकारी संगणक प्रणालीत आहे, ती वापरावी. पण मुकादम कोण, टोळी कोणत्या कारखान्याला गेली, तळ कुठं पडला, हे प्रणालीला माहीत नसतं. मागे राहिलेल्या म्हातारीला माहीत असतं, आणि म्हातारी ते आशाला सांगते.

पुस्तिकेतल्या धड्यांबद्दल थोडंच सांगतो, कारण ते पुढे आहेतच. सगळ्यात जास्त वेळ आम्ही एका साध्या सरावाला दिला आहे. दोन आशांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकीच्या हातात कार्ड, दुसरीच्या हातात काहीच नाही. मधे फोन आहे असं धरायचं आणि एका मिनिटात निरोप द्यायचा. पहिल्या खेपेला सगळ्याजणी सुरुवात करतात ती घरापासून : कुणाची सून, नवरा काय करतो, सासू कशी आहे. मिनिट संपतं आणि रक्तदाब सांगायचाच राहतो. दुसऱ्या खेपेला आधी धोका सांगायचा, मग महिना, मग नाव-गाव, मग आतापर्यंत काय केलं आणि आता समोरच्यानं काय करायचं ते. ऐकणारीनं ते परत म्हणून दाखवायचं. आळंदकडच्या एका गटात हा सराव चालू असताना एक वयस्क ताई मधेच थांबल्या. म्हणाल्या, “सर, हे मी करते. पण पलीकडचा माणूस फोन उचलत नाही, त्याचं काय शिकवणार?” खोलीत कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही.

त्या प्रश्नामुळे पुस्तिकेत एक प्रकरण वाढलं. ते आशांसाठी नाही. आरोग्य केंद्राचे डॉक्टर, सिस्टर, उपकेंद्रावरचे आरोग्य अधिकारी, तालुका आणि जिल्हा रुग्णालयातल्या लेबर रूमच्या प्रमुख नर्स यांच्यासाठी ते आहे. रात्री फोन कुणी उचलायचा, आशा पेशंटबरोबर आली तर तिला बसायला जागा कुठं, पेशंट सोडताना परतीची चिठ्ठी कुणी लिहायची आणि ती कोणत्या भाषेत, असे अगदी साधे प्रश्न त्यात आहेत. रात्री दोन वाजता बाळंतिणीबरोबर आलेली आशा दवाखान्याच्या फरशीवर पदर डोक्याखाली घेऊन झोपते आणि सकाळी तिला विचारलं जातं, तुम्ही पेशंटच्या कोण? हा प्रश्न ज्या दवाखान्यात विचारला जात नाही तिथं आशा पेशंट घेऊन लवकर येते. हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

ज्यांनी ही पुस्तिका वाचून दुरुस्त केली त्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आशा आहेत. त्यांनी आमचे अनेक शब्द खोडले. ‘संदर्भसेवा’ खोडून ‘चिठ्ठी’ लिहिलं. ‘प्रसूतिपश्चात’ खोडून ‘ओली बाळंतीण’ लिहिलं. एकीनं ‘लाभार्थी’ या शब्दाला गोल करून समासात लिहिलं, ‘बाई म्हणा’. आम्ही सगळीकडे बाई केलं आहे.

शेवटची चार पानं कोरी आहेत. छापखान्यानं विचारलं, चुकून राहिलीत का? ती ठेवली आहेत. त्यांतल्या पहिल्या पानाच्या वर एवढंच छापलं आहे : ‘आपल्या गावच्या लेकी कुठं दिल्यात? तिथल्या आशाचा नंबर.’ पेन्सिलीनं लिहा, नंबर बदलतात.